लिफ्टला रेनकोट घातलात का?

मे महिन्यातला रविवार. सकाळचे आठ. तुम्ही अजून पांघरुणात, किंवा फारच उत्साही असाल तर वेताळ टेकडीवर. मी मात्र हातात पाण्याचा पाइप घेऊन गच्चीत उभी होते आणि एका काचेच्या डब्यावर पाणी मारत होते. समोरच्या गॅलरीतले काका ब्रश तोंडात धरून बघत होते. न राहवून त्यांनी विचारलंच, ‘‘काय गं, लिफ्टला आंघोळ घालतेस?’’

हो काका. आंघोळच!

आमचं घर कोथरूडला. आजोबांनी बांधलेला जुना बंगला. खाली एका डेंटिस्टचा दवाखाना, पहिल्या मजल्यावर आम्ही, वर गच्ची. आजीच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा बाबांनी लिफ्ट बसवायची ठरवली. घरात जागा कुठली? मग जिन्याच्या बाजूला, भिंतीबाहेर लोखंडी सांगाडा उभा राहिला, त्याला तिन्ही बाजूंनी काच आणि आत हायड्रॉलिक लिफ्ट. तळमजला, पहिला मजला, गच्ची. तीन स्टॉप. हल्ली पुण्यात जुन्या बंगल्यांना अशा बाहेरून चिकटवलेल्या लिफ्टा सर्रास दिसतात. मुलं हिंजवडीत किंवा थेट न्यू जर्सीत, घरात सत्तरीपुढचे आई-बाबा, आणि जिना तर तसाच उंच!

दिसायला एकदम झकास. संध्याकाळी आत दिवा लागला की आमचं घर उगाच श्रीमंत वाटायचं. पण ही लिफ्ट बाहेर उभी आहे, म्हणजे तिला ऊन, वारा, पाऊस, पारवे आणि शेजारच्या झाडाचा पाला हे सगळं बारा महिने सोसावं लागतं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. गाडीचं सर्व्हिसिंग आम्ही चुकवत नाही. एसीवाला मार्चमध्ये येतोच. लिफ्ट? तिचं एएमसी आहे ना! झालं.

ती चाळीस मिनिटं

२५ जुलै २०२४. पुणेकरांना ही तारीख सांगायला नको. रात्रभर धो धो पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांमध्ये पाणी. शाळांना सुट्टी. आई-बाबा नाशिकला मावशीकडे होते. मी घरी, एका लेखाची डेडलाईन डोक्यावर, कानाला हेडफोन.

आजी खाली गेली होती. अंगणात पाणी किती साठलंय ते बघायला. (पावसात बाहेर जाऊ नकोस असं तिला सांगण्याची हिंमत आमच्या घरात कोणाचीच नाही.) वर येताना लिफ्ट मध्येच थांबली. दिवा गेला. तिने बेल दाबली, वाजली नाही. मोबाईल वरती चार्जिंगला. मग तिने काचेवर थापा मारल्या, हाका मारल्या. बाहेर पाऊस. आणि आत तिची नात, आवडती प्लेलिस्ट ऐकत टाईप करत होती.

किती वेळ ती थापा मारत होती, कुणास ठाऊक. चहा हवा म्हणून मी उठले तेव्हा जवळजवळ वीस मिनिटं होऊन गेली असावीत.

एएमसीवाल्या कंपनीला फोन केला. पलीकडून उत्तर, ‘‘मॅडम, आज सगळीकडेच पाणी आहे, उद्या माणूस पाठवतो.’’ उद्या! मी बाबांना फोन लावला, बाबांनी त्यांच्या एका इंजिनिअर मित्राला. ते शांतपणे म्हणाले, ‘‘जिन्याखालचं लोखंडी कपाट उघड. मोटरच्या टाकीवर व्हॉल्व्ह असेल, त्याला एक छोटा हँडल. तो हळूच दाब आणि धरून ठेव.’’ कपाटाची किल्ली सापडेना. पान्याने कुलूप तोडलं. हँडल दाबला आणि आजीसकट तो काचेचा डबा इंच इंच करत खाली आला. कपाटातच दाराची तिकोनी चावी लटकत होती. लिफ्ट तळमजल्याला नीट टेकल्याची खात्री करून दार उघडलं.

आजी बाहेर आली. काही बोलली नाही. जिन्याचा कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत, वर गेली.

त्यानंतर ती लिफ्टमध्ये बसली नाही. दहा महिने! डॉक्टरांकडे जायचं तेवढ्यापुरती जिना उतरायची. गच्चीतल्या कुंड्या तिने आईच्या हवाली केल्या. २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे कुरडया झाल्या नाहीत. मी म्हटलं, ‘‘अगं आजी, विकत आणू.’’ तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की विषय तिथेच संपला.

नेमकं बिघडलं काय होतं?

हे कळायला आम्हाला दुसरा मेकॅनिक गाठावा लागला. पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी अर्ध्या तासात सगळा उलगडा केला.

गच्चीवरच्या दारापाशी लिफ्ट बोलवायचं बटण आहे ना, त्याच्या प्लेटमागचं रबर उन्हाने तडकलं होतं. त्यातून पाणी आत गेलं. करंट जमिनीकडे गळायला लागला की आरसीसीबी खटकन पडतो, आणि तो पडायलाच हवा, नाहीतर शॉक बसला असता. म्हणजे लिफ्ट थांबली ती आजीला वाचवण्यासाठी. इथपर्यंत सगळं बरोबर.

पुढे घोळ झाला. वीज गेली की बॅटरीवर व्हॉल्व्ह उघडतो आणि हायड्रॉलिक लिफ्ट आपल्याच वजनाने सावकाश खाली येते. पण आमची बॅटरी मेलेली होती. बेल आणि आतला इमर्जन्सी दिवा त्याच बॅटरीवर. म्हणजे एक तडकलेलं रबर आणि एक बॅटरी! ‘‘ही दोन-तीन वर्षांत बदलायची असते,’’ मेकॅनिक काका म्हणाले. आमची पहिल्या दिवसापासूनची होती. सर्व्हिसिंगच्या कागदावर मात्र दर तिमाहीला ‘बॅटरी ओके’ अशी टिक. त्या टिका मी आता जपून ठेवल्या आहेत.

जूनची वाट बघू नका, बॉस!

पावसाळ्याआधीचं सर्व्हिसिंग म्हटलं की आपल्या डोक्यात जूनचा पहिला आठवडा असतो. काका म्हणाले, ‘‘ताई, तेव्हा सगळेच बोलवतात, मी कोणाकोणाकडे जाऊ? आणि वळीव कोणाला विचारून येतो का?’’ मुद्दा पटला. एप्रिल-मेच्या वळवाच्या सरी वारा आणि विजा घेऊनच येतात. म्हणून आम्ही ठरवला ४ मे.

सुरुवात वरून. मेन स्विच बंद करून छतावर पाहणी. सांगाड्याच्या माथ्यावरच्या पन्हाळीत पाला आणि पारव्याचं एक अर्धवट घरटं. काचेच्या सांध्यांमधलं सिलिकॉन उन्हाने आक्रसून कडेने सुटलेलं. सुटलेलं सगळं खरवडून काढायचं आणि कोरड्या पृष्ठभागावर नवीन भरायचं. जुन्यावर नवीन थापलं तर महिन्याभरात पुन्हा गळती. ते वाळायलाही वेळ द्यावा लागतो. त्यामुळे पाऊस डोक्यावर आला असताना हे काम करण्यात अर्थ नाही. वाळल्यावर पुढच्या रविवारी आमची ‘आंघोळ’. मी बाहेरून पाइपने पाणी मारायचं, काका आत टॉर्च घेऊन थेंब शोधणार. दोन जागी सापडले!

मग बटणांची रबरं. तिन्ही मजल्यांची बदलली, आणि गच्चीवरच्या बटणावर एक छोटं पत्र्याचं छप्पर बसवलं. साधी गोष्ट, पण लिफ्ट विकणाऱ्याला ती सुचली नव्हती. दाराच्या उंबऱ्यातल्या खाचा साफ केल्या. तिथे माती आणि पाला बसला की दार पुरतं मिटत नाही, आणि दार मिटलं नाही तर लिफ्ट हलत नाही. मार्गदर्शक रूळ पुसले. जुन्या वंगणात धूळ बसून त्याचा काळा राप झाला होता.

आणि पिट! लिफ्टच्या तळाशी असलेला तो उथळ खड्डा कधी उघडून बघितलाय? आमच्या पिटमध्ये दोन क्लिपा, एक विजेचं बिल आणि खूप गाळ निघाला. पाणी झिरपत असेल तर वॉटरप्रूफिंग करावं लागतं. पिटमधून गटाराकडे पाइप सोडला असेल तर त्याला उलट येणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह हवाच. ढगफुटीसारख्या पावसात पुण्याची गटारं पाणी घेत नाहीत, परत करतात!

जिन्याखालच्या कपाटात काकांनी तेल तपासलं. हायड्रॉलिकचं तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर समजायचं, त्यात पाणी गेलंय. आमचं ठीक होतं. रबरी होजला चिरा नाहीत, पिस्टनपाशी गळती नाही. अर्थिंग मीटरने मोजलं. नवी बॅटरी बसवली आणि मेन स्विच पाडून लिफ्ट मध्येच थांबवून बघितली. आपसूक खाली आली. ही टेस्ट तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. कागदावरच्या टिकेवर विश्वास ठेवू नका. आरसीसीबीवर एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा घरच्या घरी दाबून बघता येतं. याउपर स्वतः पाना-पकड घेऊन लिफ्टमध्ये शिरायचं नाही. ते मेकॅनिकचं काम. तिकोनी चावीसुद्धा खेळणं नव्हे. लिफ्ट मजल्याला टेकलेली नसताना दार उघडून माणूस ओढून काढायला जाल तर भलतंच व्हायचं. अडकलेल्या माणसाचा श्वास कोंडत नाही, हवा येत असते. शांत राहायचं आणि मदत येईपर्यंत आतच थांबायचं.

एक टिप मला फारच आवडली. मुसळधार पाऊस सुरू झाला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन उभी करायची आणि मेन स्विच बंद. खाली पाणी साठलं तरी डबा कोरडा. हे करायला पैसे पडत नाहीत!

बाकीचे ऋतूही आपापला हिशोब मागतातच. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा काचेचा सांगाडा म्हणजे शुद्ध भट्टी. जाळीच्या झडपा मोकळ्या हव्यात, नाहीतर आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डांना ताप चढतो. डिसेंबरच्या पहाटे तेल घट्ट होतं, म्हणून पहिली फेरी जरा कुरकुरत होते. घाबरायचं नाही. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या उन्हात गंजाचे ठिपके शोधून, घासून, प्रायमर आणि रंग. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ घर असेल तर हे जास्तच मनावर घ्या. खाऱ्या हवेपुढे साधं लोखंड टिकत नाही, आणि स्टेनलेस घेणार असाल तर ३१६ ग्रेडचं मागा.

कागदपत्रांचं थोडक्यात. सरकारी मराठीत लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात (आजीला हा शब्द फार आवडला). महाराष्ट्रात आधी १९३९ चा कायदा होता, नंतर २०१७ चा नवा आला. परवाना आणि तपासणी यांतून पळवाट नाही. एएमसी घेताना त्यात सुटे भाग धरलेत की नुसती मजुरी, हे सहीआधी वाचा. आमच्यात नुसती मजुरी होती. आणि ‘अडकल्यावर किती वेळात माणूस येणार’ हे लेखी घ्या. हो, लेखी!

आणि आजी?

काम झाल्यावर मी आजीला समजवायला बसले. लिफ्ट पडू शकत नाही, होज फुटलाच तरी रप्चर व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो आणि डबा जागीच थांबतो, वगैरे. पूर्ण तयारी करून गेले होते.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘पडायची भीती मला कधी वाटली नाही गं. मी तुला हाका मारत होते.’’

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुळशीबागेत जाऊन बिनतारी डोअरबेल आणली. बटणाचा सेल वेगळा, घंटा घरातल्या सॉकेटमध्ये. लाईट गेली की ती बंद पडेल, म्हणून दुसरी आणली, सेलवर चालणारी. एक घंटा स्वयंपाकघरात, एक माझ्या टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी. बटण लिफ्टच्या आत, आजीच्या हाताच्या उंचीवर. काका हसले, पण त्यांनीच ते नीट स्क्रूने बसवून दिलं.

त्या वर्षी मान्सूनने सगळ्यांचीच दांडी उडवली. मुंबईत एरवी ११ जूनच्या आसपास येणारा पाऊस २६ मे २०२५ लाच दाखल झाला. पुण्यातही त्याच दिवशी. जूनची तारीख घेऊन बसलेल्यांचे फोन काकांना दिवसभर येत होते. आमचा पिट कोरडा होता.

दोन दिवसांनी पाऊस जरा थांबला. मी टेबलावर काम करत होते. हेडफोन नव्हते. शेजारची घंटा वाजली आणि मी खुर्ची पाडून धावले. लिफ्ट व्यवस्थित गच्चीवर पोचली होती. आजी दारात, एका हातात काठी, दुसरा हात बटणावर.

‘‘काही नाही,’’ ती म्हणाली. ‘‘येतेस का ते बघत होते. आता आलीच आहेस तर ती मोगऱ्याची कुंडी जरा वळचणीला सरकव.’’