एक्स्प्लेनर : पहिली दुर्बीण घेताय? खोक्यावरच्या ‘५२५ पट’ला भुलू नका

जळगाव, धुळे : छोटी दुर्बीण खरंच ५२५ पट मोठं दाखवते का? नाही. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरला साधारण दुप्पट, म्हणजे ७० मिमीला १४० पट ही मर्यादा. पुढे ग्रह नुसता धूसर होतो.

सुरुवात कशी?
७०० मिमी नाभीय अंतराला २५ मिमीचं आयपीस लावलं की २८ पट मिळते. तेवढ्यात गुरूचे चार चंद्र दिसतात. गॅलिलिओने १६१० मध्ये ते सुमारे २० पटीत पाहिले. शनीच्या कड्यांसाठी १० मिमी, म्हणजे ७० पट.

कुठून?
खान्देशी उन्हात तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, ग्रह थरथरतो. गच्चीपेक्षा शेताचा बांध बरा.

सावधान!
सूर्याकडे दुर्बीण रोखू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.