भोर-वेल्ह्यातून कॉकपिटपर्यंत

राजगडाच्या पायथ्याशी एखाद्या मुलीने ‘मला पायलट व्हायचंय’ म्हटलं, की घरात पहिला प्रश्न पैशाचा निघतो. तो रास्तच आहे. कमर्शियल पायलट लायसन्सचा खर्च आज पन्नास लाखांच्या घरात जातो. एअरबस किंवा एटीआर उडवण्यासाठी लागणाऱ्या टाइप रेटिंगचे पैसे वेगळे. भोर-वेल्ह्यात एवढी रक्कम उभी करायची म्हणजे बहुधा जमिनीलाच हात घालावा लागतो. म्हणून कोणता मार्ग धरायचा, हे ठरवताना पैसा कोणाचा आणि धोका कोणाच्या डोक्यावर, हे आधी पाहावं.

सगळ्यात जुनी वाट फ्लाइंग क्लबची. १९२९ साली जे. आर. डी. टाटा भारतातले पहिले परवानाधारक वैमानिक झाले, ते बॉम्बे फ्लाइंग क्लबमधूनच. आज राज्यात गोंदिया, शिरपूर, धुळे इथे प्रशिक्षण मिळतं. आपल्याला जवळचं बारामती. जिल्हा एकच, पण वेल्ह्यात पावसाळाभर डोंगर ढगांत बुडालेले असतात आणि बारामती पर्जन्यछायेत. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या शिकाऊ वैमानिकाला मोकळं आकाश लागतं. ढग खाली उतरले की त्या दिवसाचे तास बुडाले.

बारावीला फिजिक्स आणि गणित हवं. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) नेव्हिगेशन, हवामान, नियम, टेक्निकल असे पेपर सोडवायचे आणि दोनशे तास उड्डाण करायचं. त्यातले शंभर तास स्वतःच्या जबाबदारीवर. त्यातला पहिला सोलो कोणी विसरत नाही. इन्स्ट्रक्टर उतरून जातो, शेजारची सीट रिकामी होते, आणि एका माणसाचं वजन कमी झाल्याने छोटं विमान सवयीपेक्षा लवकर जमीन सोडतं. मग धावपट्टीला एक फेरी मारून एकट्यानेच ते उतरवायचं.

अमेरिका, दक्षिण आफ्रिकेत तास लवकर भरतात. मात्र परत आल्यावर परवाना इथे बदलून घ्यावा लागतो. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत निवड आधी होते आणि प्रशिक्षण नंतर, म्हणून नोकरीची वाट बरीच स्पष्ट असते. पण खर्च कोटीच्या आसपास जाऊ शकतो. करारातली नोकरीबद्दलची प्रत्येक ओळ वकिलाकडून वाचून घ्या.

बिनखर्चाची वाट मात्र पानशेतहून पुण्याला येतानाच दिसते: खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. बारावीनंतर यूपीएससीची परीक्षा, तीन वर्षं प्रबोधिनीत आणि मग हवाई दलाचं उड्डाण प्रशिक्षण. मुलींनाही २०२२ पासून प्रवेश आहे. तयारीसाठी मुलांना छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, मुलींसाठी नाशिकला. कोझिकोडला ७ ऑगस्ट २०२०च्या विमान अपघातात प्राण गमावलेले कॅप्टन दीपक साठे एनडीए आणि हवाई दलातूनच एअर इंडियाकडे आले होते. पण ज्याला आधी सैनिक व्हायचंय त्यानेच इकडे यावं. एअरलाइनची पायरी म्हणून गणवेश चढवू नये.

आणि मुलींनी कॅप्टन सौदामिनी देशमुखांचं नाव लक्षात ठेवावं. १९८५ साली कोलकाता-सिलचर मार्गावर संपूर्ण महिला चमूचं फॉकर विमान त्यांनी नेलं.

वाट कोणतीही धरा, वैद्यकीय तपासणी सगळ्यात आधी करा. रंगांची ओळख, दृष्टी, कान, हृदय यांत काही अडलं तर फी भरून उपयोग नाही. आधी क्लास टू तपासणी, मग क्लास वन, त्यानंतर प्रवेश. पालकांना कळकळीची विनंती आहे: क्लास वनचा निकाल हातात येईपर्यंत जमिनीच्या कागदावर सही करू नका.