घोटा बरा झाला म्हणजे काय?

मंडळाच्या सहलीत व्हॉलीबॉल रंगतो आणि कुणाचा तरी पाय मुरगळतो. बर्फ, पट्टी, आठवडाभर लंगडणे हा क्रम आपल्याला पाठ आहे. सूज उतरली की घोटा बरा झाला असे आपण धरून चालतो. मग तोच पाय पुन्हापुन्हा का मुरगळतो? मी डॉक्टर आहे तो इंजिनिअरिंगचा, वैद्यकातला नव्हे; परंतु हे कोडे माझ्या विषयाच्या भाषेत चांगले उलगडते.

पाऊल आत वळले की घोट्याच्या बाहेरच्या बाजूची लिगामेंट्स, म्हणजे अस्थिबंध, ताणली जातात, कधी फाटतात. हे बंध म्हणजे नुसते दोर नव्हेत. सांध्याची स्थिती कळवणारी मज्जातंतूंची टोकेही त्यांत असतात. पाऊल बाहेर खेचून सावरण्याचे काम गुडघ्याखाली पायाच्या बाहेरच्या अंगाने उतरणारे पेरोनिअल स्नायू करतात. सेन्सर, कंट्रोलर आणि मोटर अशी ही यंत्रणा. १९६५ साली ब्रिटनमध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी मांडले की दुखापतीत हे तंतूही निकामी होतात, म्हणून घोटा अस्थिर राहतो. डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा सराव त्यावर उपयोगी पडतो. स्नायूंचा अशक्तपणा आणि मेंदूचे नियंत्रण यांचाही वाटा असतो, हे पुढील संशोधनाने दाखवले.

खरी मेख वेळेच्या हिशेबात आहे. पाऊल वळू लागल्यावर पेरोनिअल स्नायूंना जाग यायला साधारण ५० ते ८० मिलिसेकंद लागतात, जोर धरायला आणखी काही. तोवर व्हायचे ते बहुधा होऊन गेलेले असते. म्हणून पाऊल टेकण्याआधीच स्नायू सज्ज असावे लागतात, आणि ही सज्जता विश्रांतीने नव्हे, सरावाने येते.

मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. एक्स-रे लागू शकतो. हाड शाबूत असेल तर सोसेल तसे चालावे. पुढे रबरी पट्ट्याविरुद्ध पाऊल बाहेर ढकलावे. दात घासताना एका पायावर उभे राहावे. ते जमले की आधाराजवळ डोळे मिटून. उड्या आणि वळणे त्यानंतर.

दुखायचे थांबले, ही बातमी चांगलीच. पण दुखावलेल्या पायावर दुसऱ्या पायाइतकाच वेळ तोल राहतो का, हे पुन्हा मैदानात उतरण्याआधी प्रत्येकाने घरीच तपासून पाहावे.