समूह मानसोपचार

मानसिक व्यथा असलेल्या काही व्यक्तींना ठराविक काळ नियमितपणे एकत्र बसवून त्यांच्यातील परस्परसंबंधांचाच उपचारासाठी उपयोग करून घेणाऱ्या पद्धतीस ‘समूह मानसोपचार’ असे म्हणतात. अनेकांना एकाच वेळी उपदेश ऐकविणे म्हणजे समूह मानसोपचार नव्हे. येथे चिकित्सक उपस्थित असतो. परंतु बदल घडविणारे मुख्य साधन म्हणजे सदस्यांचे एकमेकांशी जुळणारे व बिघडणारे संबंध हेच होय.

ही पद्धती सिद्धांतापेक्षा टंचाईतून जन्मास आली. बॉस्टन येथील वैद्य जोझेफ हर्सी प्रॅट (१८७२–१९५६) यांनी १९०५ मध्ये गरीब क्षयरोग्यांसाठी एक साप्ताहिक वर्ग सुरू केला. त्या काळी क्षयावर गुणकारी औषध नव्हते आणि आरोग्यधामाचा खर्च ह्या रोग्यांना झेपणारा नव्हता. विश्रांती, मोकळी हवा व पोषक आहार यांची शिस्त त्यांनी घरीच पाळावी, एवढाच प्रॅट यांचा मूळ हेतू होता. प्रत्येकाने रोजची नोंदवही ठेवावयाची, वर्गात ती दाखवावयाची आणि वजन करून घ्यावयाचे, असा क्रम असे. परंतु वजन वाढलेला सोबती पाहून खचलेल्या रोग्यास जो धीर येतो, तो वैद्याच्या शब्दांनी येत नाही, हे प्रॅट यांच्या लक्षात येत गेले. पुढे १९३० मध्ये त्यांनी शारीरिक कारण न सापडणाऱ्या तक्रारींच्या रुग्णांसाठीही असा वर्ग काढला.

‘समूह मानसोपचार’ ही संज्ञा १९३० नंतरच्या दशकात जे. एल. मोरेनो (१८८९–१९७४) यांनी रूढ केली. मनोनाट्याचे प्रवर्तकही तेच. दुसऱ्या महायुद्धात मनोविकारग्रस्त सैनिकांची संख्या मोठी आणि चिकित्सक थोडे, अशी अवस्था झाली. इंग्लंडमधील नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात डब्ल्यू. आर. बिऑन (१८९७–१९७९) व नंतर एस. एच. फूक्स (१८९८–१९७६) यांनी केलेल्या प्रयोगांतून ह्या पद्धतीस तात्त्विक बैठक मिळाली. तरीही वैयक्तिक उपचारांची स्वस्त आवृत्ती हा शिक्का तिच्यावर बराच काळ राहिला. तो न्याय्य नाही. अनेक विकारांत दोन्ही पद्धतींचे परिणाम साधारणपणे सारखे आढळले आहेत. शिवाय समूह जे देऊ शकतो, त्यातील काही गोष्टी एकट्या चिकित्सकाला देताच येत नाहीत.

पहिली गोष्ट एकाकीपणाच्या भंगाची. आपल्या मनातील विचार इतके लाजिरवाणे आहेत, की ते दुसऱ्या कोणाच्या मनात येणे शक्य नाही, अशी बहुतेक रुग्णांची समजूत असते. समोर बसलेली व्यक्ती तेच विचार स्वतःचे म्हणून बोलून दाखविते, तेव्हा ह्या समजुतीला तडा जातो. ‘तुम्ही एकटे नाही’ हे चिकित्सकही सांगतो. पण ते सांगणे त्याच्या व्यवसायाचा भाग असल्याने रुग्णाला पुरते पटत नाही. दुसरी गोष्ट अशी, की समूहात रुग्ण काही देऊही शकतो. वर्षानुवर्षे इतरांवर भार होऊन राहिलेल्या व्यक्तीच्या बोलण्याने दुसऱ्याचे दुःख हलके झाले, तर स्वतःविषयीचे तिचे मत बदलू लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आणि काहीशी क्लेशदायक आहे. रुग्णाचा परस्परसंबंधांतील दोष समूहात केवळ सांगितला जात नाही, तो प्रत्यक्ष घडतो. समजा, ‘मला कोणी जवळ करीत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेला एक गृहस्थ प्रत्येकाचे बोलणे मध्येच तोडतो. काही आठवड्यांनी एक सदस्य त्याला म्हणते, “तुम्ही बोलू लागलात की मला गप्प बसावेसे वाटते.” अशा वेळी तो रागावून निघून गेला, तर बाहेरचाच अनुभव येथे पुन्हा आला असे होईल. चिकित्सकाच्या आधाराने तो बसून राहिला आणि इतरांनी त्याला दूर लोटले नाही, तर मात्र जुन्या घटनेचा शेवट प्रथमच वेगळा होतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम (१९३१– ) यांनी लाभ झालेल्या रुग्णांकडूनच उपकारक घटकांचा क्रम लावून घेतला. त्यात परस्परसंबंधांतून मिळालेले शिक्षण, भावनांचा निचरा व समूहातील आपलेपणा यांना वरचे स्थान मिळाले, तर सल्ल्याचे स्थान बरेच खाली राहिले. नवख्या समूहात सल्ल्यांचाच सुकाळ असतो, हे ध्यानात घेता हा निष्कर्ष उद्‌बोधक आहे.

समूहात सामान्यतः सात-आठ सदस्य असतात आणि आठवड्यातून एकदा सुमारे दीड तास ते वर्तुळाकार बसतात. येथील बोलणे बाहेर जाता कामा नये, हा बंधनकारक नियम असतो. तो मोडला गेल्यास समूह सहसा सावरत नाही. तीव्र चित्तविकृतीच्या अवस्थेत, तसेच आत्महत्येचा तातडीचा धोका असताना अशा समूहात प्रवेश देणे इष्ट नसते. समूहामुळे इजाही होऊ शकते. लीबरमन, यालोम व माइल्स यांच्या १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विद्यार्थ्यांच्या भेट-समूहांवरील अभ्यासात काहींची मानसिक हानी झाल्याचे आढळले. आक्रमक व घाईने मन उघडावयास लावणाऱ्या नेत्यांच्या समूहांत ती अधिक होती.

भारतात अमृतसरच्या मनोरुग्णालयात विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातील तंबूंत राहावयास आणले आणि दोघांशी एकत्रित संवाद सुरू केला. येथेही निमित्त अपुऱ्या मनुष्यबळाचेच होते. परंतु रुग्ण सुधारून घरी परतताना पाहिल्याने नातेवाइकांची रोगाविषयीची भीती ओसरली. महाराष्ट्रात अनिल व सुनंदा अवचट यांनी पुणे येथे १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने समूह-उपचारांस महत्त्वाचे स्थान दिले. व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्ती तेथे समुपदेशक म्हणून काम करतात. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ह्या चळवळीच्या सभांत तर चिकित्सक नसतोच. त्यामुळे त्यांना काटेकोर अर्थाने मानसोपचार म्हणता येत नाही. पण मद्यपीचे खोटे समाधान दुसरा मद्यपी जितक्या लवकर ओळखतो, तितक्या लवकर ते तज्ज्ञालाही ओळखता येतेच असे नाही.