छंद कीं व्यसन?
आल्प्सच्या खिंडींतील एक मोटारयात्रा

सुटीच्या दिवशीं तरुण मंडळींनीं आपापल्या वेगवान मोटारी घेऊन डोंगर ओलांडावयास निघावें आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीं संध्याकाळपर्यंत दाराकडे डोळे लावून बसावें, हा प्रकार आतां आपल्याकडील कुटुंबांसही अपरिचित राहिलेला नाहीं. मुलगा म्हणतो, ‘हा माझा छंद आहे’. आई म्हणते, ‘हें व्यसन आहे’. आणि वाद तेथेंच थांबतो. आमच्या मतें दोघांचेंही म्हणणें अपुरें आहे. वेगाची आवड ही मुळांत चांगलीही नाहीं आणि वाईटही नाहीं. तिला माप आहे कीं नाहीं एवढाच प्रश्न आहे. तें माप कसें ओळखावें हें गेल्या वर्षीं जुलै महिन्यांत स्वित्झर्लंडमधील एका वाटेवर आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळालें, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या दोन शब्दांकडेच पाहूं. ‘व्यसन’ हा शब्द ‘वि’ हा उपसर्ग आणि फेकणें या अर्थाचा ‘अस्’ धातु यांपासून झाला आहे. मनुष्यास त्याच्या हितापासून दूर फेकून देतें तें व्यसन. मनुस्मृतींत कामापासून उत्पन्न होणारीं दहा आणि क्रोधापासून उत्पन्न होणारीं आठ अशीं व्यसनें मोजलीं आहेत, आणि त्यांत मृगया व द्यूत हीं आरंभींच येतात. म्हणजे धावण्याचा आणि पैजेचा मोह आजकालचा नव्हे. ‘छंद’ शब्दाची कथा निराळी आहे. संस्कृतांत ‘छन्द’ म्हणजे इच्छा आणि ‘छन्दस्’ म्हणजे पद्याचें वृत्त. मराठींत हे दोन्ही एकाच ‘छंद’ शब्दांत येऊन मिसळले. हें मिसळणें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. आवडीस मात्रांचें आणि यतीचें बंधन असेल तोंवर ती छंद. बंधन सुटलें कीं तीच आवड व्यसन.

आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव जर्मनींत स्टुटगार्ट येथें नोकरीस आहेत. दोन माणसांची, उघड्या टपाची एक लहान मोटार त्यांनीं जुनी विकत घेतली असून, तशाच मोटारी बाळगणाऱ्या स्नेह्यांसह ते दर उन्हाळ्यांत आल्प्स पर्वतांतील खिंडी ओलांडावयास जातात. आम्ही महिनाभर त्यांच्याकडे राहावयास निघालों, तेव्हां आमच्या वहिनींनीं लोणच्याच्या बरणीबरोबर एक कामगिरीही आमच्यावर सोंपविली. त्या म्हणाल्या, “भाऊजी, माझें बोलणें तो हसण्यावारी नेतो. तुम्ही एकदां त्याच्या शेजारीं बसून या आणि मला खरें काय तें सांगा. भिण्यासारखें असेल तर मोटार विकावयास लावीन.” पुढील मजकूर म्हणजे त्या कामगिरीचा अहवालच समजावा.

मंडळींत एकंदर आठ मोटारी आणि चौदा माणसें होतीं. दोन पोर्शे, तीन माझदा, एक लोटस आणि दोन जुन्या इंग्रजी मोटारी. माणसें मात्र आम्ही कल्पिलीं होतीं तशीं धनिकपुत्र नव्हतीं. त्यांत एक दंतवैद्य, एक सुतार, दोन शिक्षक आणि एक निवृत्त रेल्वे-चालक असे लोक होते. कित्येकांनीं आपल्या मोटारी स्वतःच्या हातांनीं दुरुस्त केल्या होत्या.

मुक्काम होता आंडरमाट या गांवीं. हें गांव समुद्रसपाटीपासून १,४३७ मीटर उंचीवर आहे. येथून पश्चिमेस फुर्का खिंड, उंची २,४२९ मीटर; ती उतरून ग्लेच; तेथून लगेच ग्रिम्सेल खिंड, उंची २,१६४ मीटर; मग इनर्टकिर्शेन या गांवापर्यंत, म्हणजे ६२५ मीटरपर्यंत, खोल उतार; आणि तेथून २,२२४ मीटर उंचीची सुस्टेन खिंड चढून वासेनमार्गें परत आंडरमाट. सारें वर्तुळ सुमारें १२० किलोमीटरांचें. खोपोलीहून खंडाळ्यास चढतांना आपण सुमारें अर्धा किलोमीटर उंची गांठतों. एकट्या ग्रिम्सेलचा उतार त्याच्या जवळजवळ तिप्पट आहे, एवढें सांगितलें म्हणजे वाचकांस कल्पना येईल. या खिंडी हिंवाळ्यांत बर्फानें बंद असतात. साधारणतः जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच त्यांतून वाहतूक चालते.

सकाळीं निघण्यापूर्वीं सर्वांची सभा भरली. निवृत्त रेल्वे-चालक हे मंडळींचे अग्रणी. त्यांनीं नियम सांगितले ते असे: आपापसांत कोणीही कोणास मागें टाकावयाचें नाहीं. दोन मोटारींत इतकें अंतर ठेवावयाचें कीं तिऱ्हाईत वाहनास मध्यें येतां यावें. सर्वांत नवखा चालक अग्रणीच्या लगेच मागें राहील, आणि सर्वांत अनुभवी चालक शेवटीं. चौथा नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटला: प्रत्येकानें पुढच्या मोटारीचा पाठलाग करावयाचा नसून मागच्या मोटारीची काळजी वाहावयाची. आरशांत मागची मोटार दिसेनाशी झाली कीं वेग कमी करावयाचा. फांटा आला कीं मागच्यास आपलें वळण दिसेपर्यंत थांबावयाचें. असें प्रत्येकानें केलें म्हणजे शेवटची मोटार थांबतांच सारी रांग आपोआप थांबते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्यास हा नियम समजावून सांगावा लागत नाहीं.

नियमांच्या पाठीशीं कायदाही आहे. गांवाबाहेरील रस्त्यांवर तेथें सामान्यतः ताशीं ८० किलोमीटरांची मर्यादा असते. २०१३ सालीं अमलांत आलेल्या कायद्यानें ही मर्यादा ६० किलोमीटरांनीं ओलांडणें हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरविला आणि मोटार जप्त करण्याचाही अधिकार न्यायालयास दिला. अग्रणी म्हणाले, “ज्यास शर्यत खेळावयाची असेल त्यानें शर्यतीच्या मैदानावर जावें. येथें रस्ता सायकलवाल्यांचा आणि गायींचाही आहे.” आणि खरोखरच, फुर्काच्या चढावर गळ्यांत घंटा बांधलेल्या गायींनीं आमचा तांडा पांच मिनिटें अडवून धरला होता.

चढतांना वेगवान मोटारीचा अभिमान थोडा उतरतो. दोन हजार चारशें मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या सुमारें तीन-चतुर्थांश राहतो. त्यामुळें साध्या श्वासाच्या इंजिनाची सुमारें एक-चतुर्थांश शक्ति तेथें नाहींशी होते. तेवढ्यांत वळणाआडून त्रिस्वरी शिंग वाजलें. ही टपालखात्याची पिवळी बस. तिच्या शिंगाचे तीन स्वर रोसिनी या इटालियन संगीतकाराच्या ‘विल्यम टेल’ या संगीतनाट्याच्या पूर्वरंगांतून घेतलेले आहेत. ज्या डोंगरी रस्त्यांवर टपालशिंगाची पाटी असते तेथें या बसचा चालक सांगेल त्याप्रमाणें इतरांनीं थांबावें, मागें सरावें, असा दंडक आहे. आमच्या आठही मोटारी निमूटपणें कडेस उभ्या राहिल्या.

फुर्काच्या पश्चिम उतारावर, ‘बेल्व्हेदेर’ या जुन्या बंद उपाहारगृहापाशीं, ऱ्होन नदीची हिमनदी आहे. १९६४ सालच्या ‘गोल्डफिंगर’ चित्रपटांत जेम्स बाँडची मोटार याच वळणांवर धांवली, म्हणून मोटारप्रेमी येथें हटकून थांबतात. परंतु आम्ही पाहिलें तें निराळेंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही हिमनदी खालीं ग्लेचच्या सपाटीपर्यंत पोंचली होती. आतां ती कड्यावर आंखडून बसली आहे, आणि तेथील बर्फाच्या गुहेवर उन्हाळ्यांत पांढऱ्या चादरी पसरून ती वितळण्यापासून वांचवावी लागते. मंडळी तेथें कांहीं वेळ स्तब्ध उभी होती. पेट्रोल जाळून हौस भागविणाऱ्यांनीं तें दृश्य पाहून गप्प व्हावें हें योग्यच होतें. या छंदाचा हा दोष आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. मात्र वर्षांतून एकदां सहल आणि एरवीं कचेरीस सायकल, असा पुतण्याचा हिशेब आहे, हेंही नमूद केलें पाहिजे.

ग्रिम्सेलच्या माथ्यावर ‘टोटेनझे’, म्हणजे मृतांचें सरोवर, या नांवाचें तळें आहे. तेथें फराळास बसलों असतां मोटारी आणि डोंगर यांच्या जुन्या कथा निघाल्या. याच देशांतील ग्राउब्युंडेन प्रांतानें १९०० पासून १९२५ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षें, मोटारींस आपल्या रस्त्यांवर सरसकट बंदी केली होती! शेवटीं लोकांच्या मतदानानें ती उठली. दुसरी कथा ऑस्ट्रियांतील. १९१२ सालच्या आल्पाइन चांचणींत रोल्स-रॉइसची एक मोटार काट्शबर्ग खिंडीच्या चढावर अडली. तिला तीनच गियर होते. कंपनीनें सबबी सांगितल्या नाहींत. १९१३ सालीं चार गियरांच्या मोटारी घेऊन ती पुन्हां आली आणि यशस्वी झाली. तिसरी कथा फ्रान्समधील ‘कूप दे आल्प’ या स्पर्धेची. तेथें हा चषक एकट्या विजेत्यास मिळत नसे. ठरलेल्या वेळेचा एकही दंड न होतां जो जो सारा मार्ग पुरा करी त्या प्रत्येकास तो मिळे, आणि ओळीनें तीन वर्षें तसें करणारास सुवर्णचषक. इयान ॲपलयार्ड यांनीं १९५२ सालीं आणि स्टर्लिंग मॉस यांनीं १९५४ सालीं तो मिळविला. पहिला येणें निराळें आणि न चुकतां पोंचणें निराळें, हा भेद त्या स्पर्धेनें जाणला होता.

खरी परीक्षा पुढें होती. चढणें हें इंजिनाचें काम. उतरणें हें मनुष्याचें. विद्यार्थ्यांस देतों तसें एक उदाहरण येथें देतों. एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार एक हजार मीटर खालीं उतरली म्हणजे जी शक्ति मोकळी होते, तिनें सुमारें तीस लिटर थंड पाण्यास उकळी फुटेल. घरांतील मोठ्या बंबाइतकी ही उष्णता कोठें तरी गेली पाहिजे. चालक शहाणा असेल तर तो खालच्या गियरांत राहून तिचा मोठा भाग इंजिनावर टाकतो. उतावळा असेल तर सारी ब्रेकवर टाकतो. ब्रेकच्या नळ्यांतील द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो. तो जुना झाला कीं कमी उष्णतेवर उकळतो, नळींत वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळें पायाखालचें पेडल मऊ पडून खालीं जातें.

नेमकें हेंच झालें. अर्ध्या उतारावर पांचव्या मोटारींतील तरुणाचा आवाज रेडिओवर आला, “माझें पेडल खालीं जात आहे.” आवाज शांत ठेवण्याचा त्याचा प्रयत्न आम्हांस ऐकूं येत होता. उजवीकडे कडा, डावीकडे दरी. आमच्या पुतण्याचा हात गियरवर घट्ट झालेला आम्हीं पाहिला. अग्रणींनीं फक्त इतकेंच सांगितलें, “दुसरा गियर, मग पहिला, पेडल पुन्हां पुन्हां दाब, पुढें रुंद जागा आहे.” आम्ही चौथे होतों. पुतण्यानें जागा सोडून अंतर वाढविलें आणि आरशावरची नजर ढळूं दिली नाहीं. तो तरुण त्या रुंद जागेंत येऊन हात-ब्रेकनें उभा राहिला, तेव्हां त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यानें चार वर्षें तो द्रव बदलला नव्हता.

सर्व मोटारी थांबल्या. दीड तास ब्रेक निवूं दिले. मग त्याची मोटार रांगेंत मध्यें घेऊन पहिल्या गियरांत, चालण्याहून थोड्याच वेगानें, इनर्टकिर्शेनपर्यंत आणली. दुरुस्ती दुसऱ्या दिवशीं होणार होती. समोर सुस्टेन खिंड उभी होती. १९३८ ते १९४५ या काळांत खास मोटारींसाठीं बांधलेला आणि १९४६ सालीं खुला झालेला तो रस्ता, ज्यासाठीं मंडळी वर्षभर दिवस मोजत होती. एका दोघांनीं म्हटलें, “आम्ही जाऊन येतों, तुम्ही थांबा.” अग्रणी म्हणाले, “आठ आलों, आठ जाऊं. खिंड कोठें पळून जात नाहीं.” वाद वाढला नाहीं. त्या रात्रीं सर्वजण त्याच गांवीं राहिले. आणि दुसऱ्या दिवशीं कामाचा वार गांठावयाचा असल्यामुळें, मोटार दुरुस्त होतांच, ब्र्युनिग व लुझर्नच्या सोप्या वाटेनें घरीं परतले. सुस्टेन खिंड आम्हीं पाहिलीच नाहीं.

परंतु आम्हांस जें पाहावयाचें होतें तें दिसलें होतें. हाताशीं आलेला आनंद ज्यांस सोडतां आला, त्यांचा तो छंद होय; व्यसनी मनुष्यास तेंच एक जमत नाहीं. वहिनींस आम्हीं हाच निकाल कळविला, आणि मोटार न विकतां तिच्या ब्रेकची चौकशी करीत जावी, असें सुचविलें. आतां दर वसंतांत त्या दूरध्वनीवर आधीं ब्रेकच्या तेलाची तारीख विचारतात आणि मग तब्येत.

ज्यांच्या घरचीं मुलें माळशेज किंवा वरंध्याच्या घाटांत अशा तांड्यानें जातात, त्या वडीलधाऱ्यांस आमची विनंति इतकीच कीं, ‘किती वेगानें गेलास?’ हें विचारूं नये. त्यांत रागाबरोबर कौतुकही मुलास ऐकूं येतें. तीन प्रश्न विचारावे. तुझ्या मागें कोण होतें? उताराला कोणता गियर होता? आणि कोणासाठीं कोठें थांबलास? तिन्हींचीं उत्तरें चटकन् आलीं तर निश्चिंत असावें. न आलीं, तर मोटारीची किल्ली कांहीं दिवस आपल्या कपाटांत ठेवण्यास हरकत नाहीं.