पाणरेषेवरचा पट्टा

शिडाची छोटी बोट किनाऱ्यावर ठोकळ्यांवर उभी असली की तिचे तीन भाग चटकन नजरेत भरतात. वरची बाजू चकचकीत पांढरी किंवा निळी, तळ मंद तांबूस, आणि दोन्हींच्या मध्ये दोन-तीन इंचांचा गडद पट्टा. तो लुगड्याच्या काठासारखा शोभेचा वाटतो. पण बोट रंगवणाऱ्याची खरी परीक्षा या पट्ट्यातच होते, असे माझे ठाम मत आहे.

पट्ट्याच्या वर आणि खाली दोन वेगळ्या प्रकृतींचे रंग असतात. वरच्या रंगाला ऊन, खारा वारा आणि धक्क्याची घासाघीस सोसायची असते. म्हणून तो बहुधा पॉलियुरेथेनचा, कडक आणि गुळगुळीत असतो. तो दिवसरात्र पाण्याखाली राहिला तर त्याला फोड येतात आणि तो पापुद्र्यांनी सुटतो. तळाच्या रंगाचे नेमके उलटे. तो झिजण्यासाठीच बनवलेला असतो. त्यातले तांबे थोडे थोडे पाण्यात सुटत राहते, त्यामुळे शेवाळ आणि बार्नकलची पिल्ले तळाला घर करत नाहीत. म्हणजे रेषा दोन इंच खाली पडली की वरचा रंग भिजून मरतो आणि तिथे शेवाळाची झालर लोंबू लागते. रेषा जास्त वर गेली, तर महागडा तळरंग उन्हात नुसता फिकट होत राहतो आणि बोट बेढब दिसते.

तळाचा तांबूसपणाही उगाच आलेला नाही. क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचे संयुग मुळातच विटकरी लाल असते. तांब्याआधी आणि तांब्याबरोबरही इतर उपाय होतेच. अरबी समुद्रातल्या लाकडी गलबतांच्या तळाला चुना आणि चरबीचा लेप देत. १८व्या शतकात ब्रिटिश आरमाराने तळाला तांब्याचे पत्रे ठोकायला सुरुवात केली. २०व्या शतकात ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे संयुग आले आणि ते इतके प्रभावी ठरले की सगळे भारावले. मग फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची पैदास कोसळली, त्यांची कवचे विचित्र जाड होऊ लागली. १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर त्या रंगाला बंदी घातली. जगभरच्या बंदीचा करार अमलात यायला मात्र २००८ उजाडले. छोट्या बोटींचा रंगसुद्धा समुद्राला केवढा महाग पडतो, हे त्या उपसागराने दाखवले. म्हणून जुना तळरंग घासताना तो ओलाच घासायचा, तोंडाला चांगला मास्क लावायचा, खाली ताडपत्री अंथरायची आणि चिखल गोळा करून नीट विल्हेवाट लावायची. इथे मला कुठलीही सवलत मान्य नाही.

वरच्या बाजूचे बहुतेक काम रंगाचा डबा उघडण्याआधीच होते. फायबरग्लासच्या जुन्या बोटीवर वर्षानुवर्षांचे मेण बसलेले असते. आधी सॉल्व्हंटने ते काढायचे, मगच पॉलिश पेपर हातात घ्यायचा. क्रम उलटला तर घासता घासता मेण खोल ओरखड्यांत दाबले जाते आणि नवा रंग तिथे धरत नाही. सॉल्व्हंट पुसायला दोन फडकी लागतात, एक ओले आणि लगेच मागून कोरडे. एकाच फडक्याने पुसले तर मेण या टोकाचे त्या टोकाला जाते, इतकेच. मग खड्ड्यांत इपॉक्सीची लांबी भरायची आणि लांब, किंचित लवचीक पाटीला पेपर लावून तिरकस घासायचे, आधी एका दिशेने, मग तिला छेद देत. हाताच्या पंजाने घासले की पंजा खड्ड्यात शिरतो आणि खड्डा तसाच राहतो. चकचकीत रंग उथळ लाटासुद्धा झाकत नाही, उलट दुपारच्या तिरप्या उन्हात उघड्या पाडतो.

रंग लावायची सगळ्यांना जमेल अशी पद्धत दोघांची आहे. एकाने स्पंजच्या रोलरने पातळ थर पसरायचा, दुसऱ्याने लगेच मागून मऊ ब्रशचे टोक हलके फिरवून बुडबुडे मोडायचे. ओली कड सुकू द्यायची नाही, मागे वळून दुरुस्ती करायची नाही. दोन घटकांच्या पॉलियुरेथेनचा फवारा मात्र घरी कोणी मारू नये. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचे दुखावू शकते.

कोकणपट्टीत आणखी एक मालक असतो, तो म्हणजे दमट हवा. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअस जास्त असावे, असा रंगकामाचा नियम आहे. पावसाळा संपून बोटी पुन्हा समुद्रात न्यायची घाई असते ते ऑक्टोबरचे दिवस फसवे असतात. दुपारी कडक ऊन, रात्री दव. ऊन थोडे वर आल्यावर सावलीच्या बाजूला सुरुवात करून दुपार कलायच्या आत हात थांबवावा, नाहीतर सकाळी चकाकीच्या जागी दुधाळ धूसरपणा मिळतो.

लाकडी बोटींचे गणित वेगळे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईत भारतीय कारागिरांनी सागवानात बांधली. १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात तिने कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि एकट्या माणसाने अशी फेरी पुरी करण्याची ती पहिलीच वेळ ठरली. त्या सफरीत अटलांटिकमध्ये तळाच्या सांध्यातून पाणी येऊ लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी स्वतः बुडी मारून त्यात कापूस ठासला, वर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी ठोकली. फळ्या फुगतात, आक्रसतात, सांधे श्वास घेतात. म्हणून अशा बोटीवर फार कडक रंग तडकतो, थोडा लवचीक एनॅमल टिकतो. जुने बोटबांधे पाणरेषा लाकडात बारीक खाच मारून कोरूनच ठेवत. कितीही वेळा खरवडले तरी पुढच्या रंगाऱ्याला ती सापडे.

फायबरग्लासच्या बोटीला अशी खाच क्वचितच असते. कारखान्याने आखलेली रेषा असली तरी तिच्यावर विसंबू नये, कारण नंतर इंजिन बदलते, बॅटऱ्या वाढतात, नांगराची साखळी लांबते. विचारायचे ते पाण्यालाच. बोट तरंगत असताना, वारा सुटायच्या आधी, सगळे सामान आपापल्या जागी ठेवून खुणा करायच्या: नाळेवर, मागे, आणि मध्यावर दोन्ही बाजूंना. त्या वेळी बोटीवर माणूस उभा नको. तो ज्या बाजूला उभा राहील तिकडे खूण खोटी पडते.

हा फरक किती ते ढोबळ हिशेबाने काढता येते. तरंगता भाग ६ मीटर लांब, २ मीटर रुंद असेल, तर दोन्ही टोके निमुळती धरून पाण्याला टेकलेले क्षेत्रफळ साधारण ८.४ चौरस मीटर येते. अशी बोट १ सेंटिमीटर खाली जायला समुद्रात सुमारे ८६ किलो वजन लागते. चार माणसे चढली की ती तीनेक सेंटिमीटर बसते. खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात मात्र तीच बोट समुद्रापेक्षा जेमतेम काही मिलिमीटर खोल तरंगते. म्हणजे पाण्याच्या खारटपणाची काळजी सोडावी आणि माणसांची करावी. प्रत्यक्ष खुणेच्या एक-दोन इंच वर तळरंगाची कड ठेवतात ती म्हणूनच, आणि बंदरातले पाणी कधी आरशासारखे स्थिर नसते म्हणूनही.

बोट वर काढल्यावर ट्रेलरखाली पाचरी सारून चारही खुणा एका पातळीत आणायच्या. मग गवंडी वापरतो तीच लेव्हलची नळी घ्यायची. पारदर्शक नळीत रंगवलेले पाणी भरायचे, एक बुडबुडाही ठेवायचा नाही. एक टोक नाळेच्या खुणेवर धरायचे, दुसरे हातभर-हातभर सरकवत टिंबे देत जायचे. आता लेझर मिळतो आणि तो उत्तम काम करतो, पण नळी बोटीला वळसा घालून पलीकडच्या बाजूलाही तीच पातळी नेते, तेही दिवसाउजेडी. मला ती अधिक भरवशाची वाटते.

पट्ट्याची रुंदी मोजताना अनेक जण टेप बोटीच्या अंगावर टेकवून सगळीकडे दोन इंच घेतात आणि मागे पट्टा बारीक का दिसतो म्हणून कोड्यात पडतात. रुंदी मोजायची ती उभ्या उंचीत. मागच्या बाजूला अंग आडवे होत जाते. तिथे ते क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर दोन इंच उंचीसाठी अंगावर चार इंच रंगवावे लागतात. जवळून हे चूक वाटते, पाण्यावर अगदी बरोबर दिसते.

खालची कड अशी पाण्याच्या हुकुमाने सरळ जाते. वरच्या कडेवर हक्क डोळ्याचा. फुगीर अंगावरची तंतोतंत सपाट रेषा दुरून पाहिली की नाळेकडे ओघळल्यासारखी भासते. म्हणून वरची कड पुढे किंचित उचलतात. किती, ते आकड्याने ठरत नाही. पातळ लवचीक लाकडी पट्टी टिंबांवर टेकवून, वीस पावले मागे जाऊन, नाळेच्या टोकाला डोळा लावून बघायचे आणि मनाजोगते होईपर्यंत हलवायचे. एका बाजूचे मोजून दुसऱ्या बाजूला न्यायचे.

मास्किंग टेप कागदी नको. वळणावर बसेल असा व्हायनिलचा, बारीक कडेचा घ्यावा. तो एका लांब ओढीत लावायचा, तुकड्यांनी लावला की प्रत्येक जोडाशी गुडघा येतो. कड अंगठ्याने दाबून आधी शेजारच्याच रंगाचा पातळ हात द्यायचा. झिरपायचे ते तोच रंग झिरपतो आणि फट बंद होते. मग पट्ट्याचे दोन हात, आणि रंग पुरता कडक होण्याआधी टेप उलटा दुमडत सावकाश ओढायचा.

ठोकळ्यांखालचे चौकोन शेवटी राहतात. बोट क्रेनच्या पट्ट्यांत लटकलेली असते तेवढ्या वेळात ते घासून तळरंगाने भरून घ्यावे लागतात, त्यासाठी क्रेनवाल्याशी आधीच बोलून ठेवावे. पाण्यात उतरल्यावर नेहमीची माणसे नेहमीच्या जागी बसवून दुसऱ्या होडीतून बोटीभोवती एक फेरी मारावी. मागच्या बाजूला पट्टा पाण्यात बुडालेला आणि पुढे जास्तच उघडा दिसला, तर पुन्हा रंगाकडे वळण्याआधी बॅटरी आणि पाण्याचे डबे पुढे सरकवून पाहावे.