दिवे वाढले, सावली तशीच

अमेरिकेतली हौशी शर्यतबाज मंडळी आपली शर्यतीची गाडी रस्त्यावरून चालवत मैदानापर्यंत नेत नाहीत. ती बंद ट्रेलरमध्ये चढवायची, ट्रेलर पिकअप ट्रकच्या मागे अडकवायचा आणि विस्कॉन्सिनमधल्या एल्कहार्ट लेकचं ‘रोड अमेरिका’ असो की न्यूयॉर्क राज्यातलं वॉटकिन्स ग्लेन, शेकडो मैल तो ओढत न्यायचा, असा त्यांचा शनिवार-रविवार. जुन्या, दुर्मीळ गाड्या जपणाऱ्यांचंही तेच. हा ट्रेलर म्हणजे बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतून प्लायवूड ठोकलेली, साधारण २० ते २८ फूट लांबीची खोली. रुंदीवर कायद्याची मर्यादा आहे १०२ इंचांची, म्हणजे २.५९ मीटर. भिंतींची जाडी वजा करून त्यात सहा फूट रुंदीची गाडी शिरली, की दोन्ही बाजूंना जेमतेम फूटभर बोळ उरतो.

या खोलीत कारखान्यातूनच येतात ते छताला एक-दोन दिवे. जुन्या ट्रेलरांत त्यात १२ व्होल्टचा तारेचा बल्ब असे. सुमारे २७ वॅट वीज घेऊन तो ४०० ल्युमेन उजेड देई, आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी त्याची तार तुटे ती वेगळीच. मालकाची पहिली तक्रार ‘उजेड कमी पडतो’ ही, आणि पहिला उपाय ‘जास्त ल्युमेनचा एलईडी आणा’ हा. तेवढ्याच विजेत एलईडी अडीच हजार ल्युमेन सहज देतो. पण सहापट उजेड करून गाडी आत चढवली, की जिथे हात घालायचा तिथे पुन्हा अंधारच.

कारण गाडीच दिव्याच्या आड येते. ट्रेलरमध्ये उजेड हवा असतो तो गाडीचं छप्पर न्याहाळायला नव्हे. फरशीतल्या लोखंडी कड्यांमध्ये पट्टे अडकवून गाडी आवळायची, आकडा कडीत नीट बसला का ते पाहायचं, टायरमधली हवा तपासायची, खाली तेल ठिबकतंय का ते बघायचं. ही सगळी कामं गुडघ्याच्या खालची. छताच्या मधोमध लावलेला दिवा नेमका गाडीचं छप्पर आणि बॉनेट उजळतो. ल्युमेन सहापट केले की सावलीतलाही उजेड सहापट होतो हे खरं. पण छप्पर आणि फरशी यांच्या उजेडातलं गुणोत्तर जसंच्या तसं राहतं, आणि डोळा पाहतो ते गुणोत्तर. चकाकत्या बॉनेटशी जुळवून घेतलेल्या डोळ्याला त्याखालची फरशी काळीच दिसते. म्हणूनच ट्रेलरच्या दिव्यांबाबत ‘किती ल्युमेन’ हा दुय्यम प्रश्न आहे. पहिला प्रश्न, उजेड कुठून येतो हा.

उत्तर दोन्ही भिंतींवर आहे. छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात एलईडीची एक लांब पट्टी आणि गुडघ्याच्या उंचीवर दुसरी, अशी जोडी दोन्ही बाजूंना धावली की गाडीखाली उजेड आडवा शिरतो. लांब पट्टीचे दोन फायदे आहेत. एकाच बिंदूतून येणाऱ्या उजेडाची सावली कडक काठाची असते. सात मीटर लांबीच्या पट्टीचा एक तुकडा चाकाआड गेला तरी उरलेले तुकडे तिरक्या कोनांतून त्याच जागेवर पोहोचतात, म्हणून सावलीचा काठ विरघळतो. दुसरं असं, की बिंदूसारख्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. लांब पट्टीजवळ मात्र तो निम्म्यावरच येतो. अरुंद बोळात हा फरक चांगलाच जाणवतो. फक्त पट्टी उघडी ठेवू नये. ॲल्युमिनियमच्या खाचेत बसवून वर दुधी झाकण लावलं नाही, तर खाली वाकलेल्या माणसाच्या डोळ्यांत प्रत्येक एलईडी टोचतो. ती खाच उष्णताही बाहेर काढते. टेक्सास-ॲरिझोनाच्या उन्हात तापलेल्या ट्रेलरमध्ये पट्टीमागचा नुसता चिकट थर फार दिवस टिकत नाही.

आता सगळ्यात स्वस्त सुधारणा, जिला वायरही लागत नाही: पांढरा रंग. कच्चं प्लायवूड अंगावर पडलेल्या उजेडाचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा परतवतं, पांढरी भिंत ८० टक्क्यांच्या आसपास. हा फरक अडीचपट वाटतो, पण बंद खोलीत तो त्याहून मोठा ठरतो, कारण परतलेला उजेड समोरच्या भिंतीवर आदळून पुन्हा परततो. ही बेरीज मांडली तर सगळीकडून ३० टक्के परतवणाऱ्या खोलीत एकूण उजेड मूळच्या सुमारे १.४ पट होतो, आणि ८० टक्के परतवणाऱ्या खोलीत ५ पट. प्रत्यक्षात काळी फरशी आणि खुद्द गाडी बराच उजेड गिळतात, त्यामुळे पाचपट कुणालाच मिळत नाही. तरी दिव्यांवर खर्च करण्याआधी रंगाचा डबा आणावा हेच शहाणपणाचं. शिवाय भिंतींवरून फिरून आलेला उजेड सर्व दिशांनी येतो, म्हणजे सावलीचा प्रश्नही त्यानेच निम्मा सुटतो.

आता वायरकडे वळू. इथे घरगुती अनुभव दगा देतो. घरात २३० व्होल्ट असतात, ट्रेलरमध्ये १२. ६० वॅटच्या दिव्यांना घरात पाव अँपियर पुरतो, ट्रेलरमध्ये ५ अँपियर लागतात. पुढच्या बॅटरीपासून मागच्या दारापर्यंत ७ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १४ मीटर तांबं. घरात दिव्याला वापरतो तशी १ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तिचा रोध सुमारे ०.२४ ओहम. ५ अँपियरला त्यात १.२ व्होल्ट वाटेतच जिरतात. २३० मधून इतके गेले तर कुणाला पत्ताही लागणार नाही. १२ मधून गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला. मागच्या दाराजवळचे दिवे मिणमिणतात आणि दोष येतो बिचाऱ्या एलईडीवर. ४ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हीच घट ०.३ व्होल्टवर येते. युरोपातले आणि आपल्याकडचेही अनेक अवजड ट्रक २४ व्होल्टवर चालतात, त्यामागे हाच हिशेब आहे: व्होल्ट दुप्पट, प्रवाह निम्मा, आणि घटीचं प्रमाण चौथाई. पट्टीच्या आतही हेच घडतं. तिच्यातला तांब्याचा पापुद्रा फार पातळ, त्यामुळे एकाच टोकाला वीज दिली की दुसरं टोक मंद दिसतं. लांब पट्टीला दोन्ही टोकांनी वीज द्यावी.

बरं, व्होल्ट कमी पडण्याइतकंच ते जास्त होणंही वाईट. साध्या पट्टीत तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडलेले असतात आणि त्यांच्यासोबत एक रोधक. तीन एलईडी मिळून ९ व्होल्ट घेतात, १२ पैकी उरलेले ३ रोधकाच्या वाट्याला. पिकअपचं इंजिन सुरू झालं किंवा चार्जर लागला की १२ चे १४.४ व्होल्ट होतात. ही वाढ २० टक्क्यांची दिसते, पण एलईडी आपला वाटा फारसा वाढवत नाहीत. जवळजवळ सगळी वाढ रोधकावर पडते, म्हणजे प्रवाह दीडपटीहून जास्त होतो. पट्टी झगझगते, मालक खूश होतो, आणि एलईडी आतून शिजत राहतात. वाहनांसाठी बनवलेल्या चांगल्या दिव्यांत प्रवाह स्थिर ठेवणारं छोटं सर्किट असतं. जास्तीचे पैसे मोजायचे तर ते ल्युमेनसाठी नव्हे, यासाठी मोजावेत.

आणि रंगासाठीही. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजचा पांढरा एलईडी बहुधा हा निळाच असतो, वर पिवळा उजेड देणाऱ्या स्फुरक पदार्थाचा थर दिलेला. स्वस्त मालात या मिश्रणात लाल छटा तोकडी पडते. बैठकीच्या खोलीत ते खपून जाईल. ट्रेलरच्या फरशीवर ठिबकलेला थेंब ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या लाल तेलाचा की तपकिरी इंजिन ऑइलचा हे ठरवायचं असेल, तर अशा उजेडात दोन्ही सारखेच मळकट दिसतात. पाकिटावर रंगदर्शकाचा (CRI) आकडा ९० च्या वर असेल तो दिवा घ्यावा.

इथवर मी दिवे खाली आणा असं सांगत आलो. त्याला एक मोठी अट आहे. आत उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पेट्रोल असतं. पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड, त्यामुळे ती गळली तर फरशीलगत साचते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आत-बाहेर असलं तरी पेट घ्यायला पुरतं. म्हणून गुडघ्याच्या उंचीवर जायची ती फक्त पट्टी, तीही सीलबंद. बटण, रिले, फ्यूज, सैल जोड, म्हणजे ठिणगी पडू शकेल असं काहीही, वरच ठेवायचं. फरशीजवळ आणि छताजवळ हवेची झरोकेवजा जागा हवी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण तो दिव्याला नव्हे, वायरला वाचवण्यासाठी असतो. शॉर्ट झाल्यावर १२ व्होल्टची बॅटरीही शेकडो अँपियर ओतते. ‘बारा व्होल्टने काय होतंय’ म्हणणाऱ्यांना झटका बसत नाही हे कबूल, पण आगीला झटक्याची गरज नसते.

राहता राहिली वीज कुठून घ्यायची ती. पिकअप सोडून ट्रेलर नुसता उभा असला तरी दिवे लागावेत, यासाठी त्याला स्वतःची बॅटरी हवी. शिसे-आम्लाची १०० अँपियर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची ठरवलं तरी ६० वॅटचे दिवे दहा तास चालतात. पण अनेक ट्रेलरांच्या पुढच्या टोकाला आधीच एक छोटी बॅटरी बसवलेली दिसते, साधारण ५ अँपियर-तासांची, आणि हौशी माणसाला दिव्यांची वायर तिलाच जोडायचा मोह होतो. ती बॅटरी दिव्यांसाठी नाही. धावत्या पिकअपपासून ट्रेलर सुटला, तर त्याचे ब्रेक आपोआप लावण्यासाठी ती असते. व्यावसायिक वाहनांसाठी अमेरिकेचा संघीय नियम असा, की सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक किमान १५ मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत. ६० वॅटचे दिवे ही बॅटरी तासाभरात रिकामी करतात. तिला दिवे जोडू नका.